नाताळ-नववर्षाची घरगुती मेजवानी आणि वाइन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्या-मुंबईला नोकरी करणारी मुले सांगली-मिरजेला घरी येतात, येताना एखादी वाइनची बाटली घेऊन येतात आणि ती कधी उघडायची, कशाबरोबर प्यायची, आधी फ्रीजमध्ये ठेवायची की नाही, यावर घरात चर्चा सुरू होते. पुढील उत्तरे सांगलीचे घर, सांगलीची हवा आणि सांगलीचे जेवण डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. वाइनविषयीचे जे प्रचलित नियम या तिन्हींशी जुळत नाहीत, ते येथे बाजूला ठेवले आहेत.

आमच्या घरी कोणालाच वाइनमधले काही कळत नाही. तरीही चव घेण्याचा कार्यक्रम ठरवावा का?

अवश्य ठरवावा, कारण लागणारे बहुतेक ज्ञान आपल्या जिभेला आधीच आहे. जांभळे खाल्ल्यावर जीभ जशी कोरडी पडते आणि दूध न घातलेला, जास्त उकळलेला चहा प्यायल्यावर हिरड्या जशा आवळल्यासारख्या होतात, तोच परिणाम रेड वाइनमधील टॅनिन करते. टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटते आणि लाळेचा गुळगुळीतपणा जातो, म्हणून तोंड कोरडे वाटते. कोकमाचे सार प्यायल्यावर तोंडाला पाणी सुटते, ते आम्लामुळे. चांगल्या व्हाइट वाइनमध्येही तसेच व्हायला हवे. पातळ ताक आणि सायीचे दूध तोंडात वेगवेगळे जड लागतात, तसा हलकेपणा-जडपणा वाइनलाही असतो. गोडी सगळ्यांनाच कळते आणि घशात उतरणारी ऊब म्हणजे अल्कोहोल. तुरट, आंबट, गोड, जड आणि उबदार ही पाच विशेषणे वापरून ज्याला दोन वाइनमधील फरक सांगता येतो, त्याला त्या संध्याकाळपुरते पुरेसे कळते. ‘ओल्या जंगलातील मातीचा सुगंध’ असली वर्णने करण्याची सक्ती कोणावरही करू नये.

आपला जिल्हा द्राक्षांचा. मग घरच्या बागेतील द्राक्षांची वाइन का होत नाही?

हा प्रश्न तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ आणि पलूस भागातील पाहुणे हमखास विचारतात, म्हणून त्याचे उत्तर जरा सविस्तर देत आहोत.

आपल्याकडील बागांत मुख्यतः थॉमसन सीडलेस आणि तिच्यापासून निवडलेले वाण आहेत. तास-ए-गणेश हा तर नावातच तासगाव घेऊन फिरणारा वाण आहे. सोनाका आणि माणिक चमन हे वाणही आपल्या परिचयाचे आहेत. या द्राक्षांना खाण्यासाठी आणि बेदाण्यासाठी जे गुण लागतात, ते वाइनसाठी लागणाऱ्या गुणांच्या जवळजवळ उलटे आहेत. खाण्याच्या द्राक्षाचा मणी मोठा, साल पातळ, आत बी नसलेली आणि आंबटपणा कमी असावा लागतो. त्यासाठी शेतकरी जीएची डिपिंग करून, म्हणजे घड जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात बुडवून, मणी फुगवतात. वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान, साल जाड, आत बिया आणि साखर वाढूनही आम्ल टिकून राहिलेले असावे लागते. रेड वाइनचा रंग, तिचे टॅनिन आणि सुगंधाचा मोठा भाग सालीतून येतो. मणी जितका लहान, तितके रसाच्या मानाने सालीचे प्रमाण अधिक. साखरेचा हिशेबही वेगळा आहे. खाण्याची द्राक्षे साधारण १६ ते १८ ब्रिक्सला (ब्रिक्स हे रसातील साखरेचे माप) तोडली जातात, तर वाइनची द्राक्षे बहुधा २२ ते २४ ब्रिक्सपर्यंत वेलीवरच ठेवली जातात. खिशात ब्रिक्स मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर घेऊन बागेत फिरणाऱ्या बागायतदाराला या आकड्यांचा अर्थ शहरी वाइनप्रेमीपेक्षा लवकर कळतो.

वाइनच्या बागा आपल्या परिसरात अजिबात झाल्या नाहीत, असे मात्र नाही. राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी धोरण जाहीर केले आणि त्यानंतर नाशिक जिल्ह्यातील विंचूर व आपल्या जिल्ह्यातील पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले. नाशिकचे नाव पुढे गेले आणि पलूसचे त्या मानाने मागे पडले, तरी शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेल्ली या वाइन कंपनीने इटलीतील सांजोव्हेजे जातीची द्राक्षे लावून त्यांची वाइन केली आहे. ‘आपल्या भागातील काहीतरी असावे’ असा आग्रह असेल, तर त्या बाजूच्या बाटलीपासून सुरुवात करणे योग्य होईल.

घरच्या द्राक्षांची वाइन घरीच करण्याचा विचार असेल, तर तो सोडून द्यावा. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते कितीही हौसेने आणि कितीही थोडे केलेले असो.

दिवस ठरवताना काय पाहावे?

आधी दिनदर्शिका पाहावी. नाताळाच्या आसपास बहुतेक वर्षी मार्गशीर्ष महिना चालू असतो आणि ज्या घरात मार्गशीर्षातील गुरुवारी महालक्ष्मीची पूजा मांडली जाते, त्या घरात त्या दिवशी बाटली उघडण्याचा विषयसुद्धा काढू नये. दत्तजयंतीही याच काळात येते आणि औदुंबर-नरसोबाच्या वाडीला जाणारी मंडळी घरोघरी असतात. संकष्टी, एकादशी, घरातील कोणाचा उपवास, या सगळ्यांतून जो दिवस मोकळा उरेल तो आपला. अनेकदा ३१ डिसेंबरपेक्षा त्याच्या आधीचा शनिवार अधिक सोयीचा ठरतो, कारण त्या दिवशी दुकानातही गर्दी नसते.

दुसरी गोष्ट कायद्याची. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार मद्य विकत घेण्यासाठी, बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठी परवाना लागतो. एक दिवसाचा परवाना परवानाधारक दुकानातच अल्प शुल्कात मिळतो. तो मागून घ्यावा. स्थानिक निवडणूक जाहीर झाली असेल, तर मतदान व मतमोजणीच्या सुमारास दुकाने बंद राहतात, त्यामुळे खरेदी चार दिवस आधीच उरकावी.

किती बाटल्या आणाव्यात?

पिणारी आठ माणसे असतील, तर तीन बाटल्या पुरतात. एका बाटलीत ७५० मिलिलिटर वाइन असते. चव घेण्यासाठी प्रत्येकाला प्रत्येक वाइन ५० मिलिलिटर दिली, तर तीन प्रकारांत मिळून १,२०० मिलिलिटर संपते आणि १,०५० मिलिलिटर उरते. म्हणजे जेवणाबरोबर प्रत्येकाच्या वाट्याला आणखी सुमारे १३० मिलिलिटर येते. यापेक्षा जास्त आणल्यास चव घेण्याचा कार्यक्रम नऊ वाजेपर्यंत पिण्याचा कार्यक्रम होतो, असा अनुभव आहे.

तीन बाटल्या कोणत्या निवडाव्यात?

पहिलटकर मंडळींसाठी आमची पसंती अशी: एक फेसाळ वाइन, एक किंचित गोडसर व्हाइट, म्हणजे शेनिन ब्लांक, आणि एक मध्यम वजनाची रेड, म्हणजे शिराझ किंवा सांजोव्हेजे. घरात हिरव्या, चरचरीत चवी आवडत असतील, तर शेनिन ब्लांकऐवजी सोव्हिन्यों ब्लांक घ्यावी. तिच्यात ढोबळ्या मिरचीसारखा आणि पेरूसारखा वास येतो. ढोबळ्या मिरचीची आठवण होते ती उगाच नव्हे, कारण त्या वासाला कारणीभूत असणारी संयुगे दोन्हींत सारखीच आहेत. शिराझमधील मिऱ्याचा वास हाही कवीचा खेळ नाही. मिऱ्यात आढळणारे रोटंडोन नावाचे संयुगच त्या द्राक्षाच्या सालीत असते. गंमत अशी, की सुमारे पाचातील एका माणसाला रोटंडोनचा वास येतच नाही. त्यामुळे एखाद्या काकांनी ‘मला मिरे-बिरे काही येत नाही’ असे ठणकावून सांगितले, तर त्यांच्याशी वाद घालू नये. ते खरे बोलत असण्याची शक्यता आहे.

कॅबर्ने सोव्हिन्यों हे नाव सर्वांनी ऐकलेले असते, म्हणून दुकानात हात तिकडेच जातो. पहिल्या बैठकीसाठी ती टाळावी. तिचे टॅनिन जास्त असते आणि आपल्या तिखट जेवणाबरोबर ती कडवट लागते. त्याचे कारण पुढे जेवणाच्या प्रश्नात दिले आहे.

लेबलावर नेमके काय वाचावे?

द्राक्षाची जात, हंगामाचे वर्ष आणि अल्कोहोलची टक्केवारी या तीन गोष्टी वाचाव्यात. चित्र, सोनेरी नक्षी आणि मागील बाजूचे काव्यमय वर्णन सोडून द्यावे.

वर्षाच्या बाबतीत भारतीय वाइनचे एक वेगळेपण लक्षात ठेवावे. युरोपात द्राक्षे ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास तोडली जातात. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरडछाटणी आणि पावसाळ्यानंतर फळछाटणी होते आणि वाइनची द्राक्षे साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तयार होतात. त्यामुळे चालू वर्षाचा आकडा असलेली भारतीय व्हाइट वाइन डिसेंबरमध्ये नऊ-दहा महिन्यांची झालेली असते आणि पिण्याच्या उत्तम अवस्थेत असते. व्हाइट आणि रोझे (गुलाबी वाइन) घेताना चालू किंवा आदल्या वर्षाचीच घ्यावी. ‘वाइन जितकी जुनी तितकी चांगली’ ही समजूत फार थोड्या वाइनना लागू पडते आणि तालुक्याच्या दुकानातील फळीवर चार उन्हाळे काढलेल्या बाटलीला तर मुळीच नाही. बाटलीवर धूळ बसलेली असेल, तर तो जुनेपणाचा मान समजू नये.

फेसाळ वाइनवरील शब्द मात्र फसवे असतात. ‘ब्रूट’ म्हणजे कोरडी, लीटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असलेली; ‘एक्स्ट्रा ड्राय’ हे नाव अधिक कोरडी असल्यासारखे वाटते, पण ती ब्रूटपेक्षा गोड असते; आणि ‘डेमी सेक’ तर उघडच गोड असते.

परदेशी आणि महाग बाटली आणावी का?

पाहुणे येणार म्हणून परदेशी बाटलीच हवी, असे मानू नये. आयात केलेल्या वाइनवर आपल्याकडे दीर्घकाळ १५० टक्के सीमाशुल्क राहिले आहे, त्यामुळे किमतीचा मोठा हिस्सा बाटलीतील वाइनचा नसतो. त्याच पैशांत देशी उत्पादकाची वरच्या दर्जाची वाइन मिळते. नारायणगावला १९८० च्या दशकात इंडेज कंपनीने फेसाळ वाइन करायला सुरुवात केली, तेव्हा निवड करण्याजोगे फारसे काही नव्हते. आज नाशिकच्या सुला आणि यॉर्कपासून बंगळूरजवळच्या ग्रोव्हरपर्यंत पुरेशी निवड आहे. सर्वांत स्वस्त बाटली घेऊ नये आणि सर्वांत महागही घेऊ नये. मधल्या फळीवरील घ्यावी.

फिरकीचे झाकण असलेली वाइन हलक्या प्रतीची असते का?

नाही. बुचातून कधीकधी वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास लागतो, तो धोका फिरकीच्या झाकणात जवळजवळ राहत नाही. शिवाय ऐन वेळी बूच काढण्याचे यंत्र सापडत नाही आणि मग कोणीतरी स्क्रू-ड्रायव्हर शोधू लागते, तेही टळते.

रेड वाइन फ्रीजमध्ये ठेवू नये, असे म्हणतात. ते खरे आहे का?

सांगलीत तरी खरे नाही. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी’ हा सल्ला युरोपातील जुन्या, थंड घरांमधून आला आहे, जिथे खोलीचे तापमान १६ ते १८ अंश असे. आपल्याकडे डिसेंबरमध्येही दुपारी पारा ३० अंशांच्या आसपास जातो आणि संध्याकाळी स्वयंपाकघराला लागून असलेल्या बैठकीच्या खोलीत, पंधरा माणसांत, २६-२७ अंश सहज असतात. त्या तापमानाला रेड वाइनमधील अल्कोहोल नाकात चढते आणि फळाचा स्वाद हरवतो. म्हणून रेडची बाटली वाढण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवावी. व्हाइट आणि रोझे ८ ते १० अंशांना चांगल्या लागतात. त्या तीन तास आधी ठेवाव्यात. फेसाळ वाइन ६ ते ८ अंशांना द्यावी. ठेवायला विसरलात, तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली गळ्यापर्यंत बुडवावी; वीस-पंचवीस मिनिटांत काम होते. नुसता बर्फ घालू नये. पाण्यामुळेच थंडावा काचेला सगळीकडून लागतो.

महाबळेश्वर-पाचगणीला डिसेंबरच्या रात्री हा प्रश्न उलटा होतो. तिथे रेडची बाटली गॅलरीत ठेवली, तर ती जास्तच गार होते आणि तिचा तुरटपणा पुढे येतो. तेव्हा ग्लास दोन्ही तळहातांत धरून दोन मिनिटे थांबावे.

आणलेली बाटली त्या दिवसापर्यंत कुठे ठेवावी, हेही येथेच सांगितलेले बरे. आम्ही एका वर्षी मार्चमध्ये भेट मिळालेली शिराझ फ्रीजच्या वर, शोभेसाठी उभी ठेवली आणि नाताळला उघडली. तिला शिजवलेल्या मनुकांचा वास येत होता आणि चव गुळाच्या काकवीकडे झुकली होती. फ्रीजच्या मागून येणारी उष्णता आणि सांगलीचा एप्रिल-मे यांनी मिळून तिचा काढा केला होता. घरातील सर्वांत थंड खोलीतील कपाटाचा खालचा खण, त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली आडवी बाटली, एवढी व्यवस्था दोन-तीन आठवड्यांसाठी पुरे. उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत मात्र ती अर्धा दिवसही राहू देऊ नये.

खास ग्लास विकत घ्यावे लागतील का?

तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता असा काचेचा ग्लास उत्तम, कारण त्यात वास साठून राहतो. तसा नसेल, तर सरबताचे काचेचे ग्लास चालतील. स्टीलचे पेले नकोत. त्यांतून रंग दिसत नाही आणि धातूचा वास मध्ये येतो. ग्लास सुवासिक साबणाने न धुता गरम पाण्याने विसळावेत आणि जुन्या, धुतलेल्या सुती कापडाने पुसावेत. एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू नयेत. पाहुण्याचा ग्लास काठोकाठ भरणे हा आपला पाहुणचार आहे, पण येथे तो अडचणीचा ठरतो. ग्लास फिरवला की वाइन चादरीवर सांडते.

चव घेण्याची पद्धत काय?

आधी खोलीकडे लक्ष द्यावे. संध्याकाळची उदबत्ती लावून झाली असेल, तर खिडक्या अर्धा तास उघड्या ठेवाव्यात. फोडणीचा खकाणा, अत्तर आणि मोगऱ्याचा गजरा, हे तिन्ही वाइनच्या वासावर मात करतात. गजरा माळू नका, असे पाहुण्यांना सांगणे अशोभनीय आहे. चव आधी आणि नटणे नंतर, अशी वेळ आखली तर प्रश्नच येत नाही.

ग्लास दांडीला धरून पांढऱ्या कागदावर तिरपा करावा आणि रंग पाहावा. व्हाइट वाइन वयाबरोबर गडद होत जाते आणि रेड वाइनची कड विटकरी होऊ लागते. मग ग्लास टेबलावरच टेकवून दोन वेळा फिरवावा आणि नाक आत घालून छोटासा श्वास घ्यावा. वरण उतू जाताना घेतो तसा लांब नको. त्यानंतर अर्धा घोट घेऊन तो चूळ भरल्यासारखा सगळ्या तोंडात फिरवावा, कारण तुरटपणा हिरड्यांना, आंबटपणा जिभेच्या कडांना विशेष जाणवतो आणि ऊब घशाला कळते. गिळल्यावर किंवा थुंकल्यावर मनात दहापर्यंत अंक मोजावेत. स्वाद तोपर्यंत टिकला, तर वाइन बरी आहे. पाचाच्या आतच विरला, तर ती साधी आहे. थुंकण्यासाठी झाकणाचे भांडे जवळ ठेवावे. चार माणसांत थुंकणे विचित्र वाटते हे मान्य आहे, परंतु व्यावसायिक चव घेणारे हेच करतात आणि ज्यांना नंतर स्वयंपाक वाढायचा आहे त्यांनी तर करावेच.

क्रम फेसाळ, व्हाइट, रोझे, रेड आणि शेवटी गोड असा ठेवावा. मध्ये मध्ये पाणी आणि बिनमिठाच्या ज्वारीच्या भाकरीचा तुकडा द्यावा. शेंगदाण्याची चटणी या टप्प्यावर समोर येऊ देऊ नये.

लेबल झाकून चव घ्यावी, असे का सांगतात?

कारण किंमत आणि नाव कळल्यावर जीभ खोटे बोलू लागते. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्पुरिअर या ब्रिटिश वाइनविक्रेत्यांनी घेतलेली परीक्षा. फ्रेंच परीक्षकांनी लेबल न पाहता गुण दिले आणि रेडमध्ये कॅलिफोर्नियाच्या स्टॅग्ज लीपची १९७३ ची कॅबर्ने, तर व्हाइटमध्ये शातो माँटेलेनाची १९७३ ची शार्दोने पहिली आली. फ्रान्सच्या नामवंत बाटल्या मागे पडल्या.

घरी हे करणे अगदी सोपे आहे. एकाने स्वयंपाकघरात बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, गळ्याला रबरबँड लावून त्यांवर १, २, ३ असे आकडे टाकावेत आणि वाइन दुसऱ्याने ओतावी. प्रत्येकाला कागदाचा चतकोर तुकडा द्यावा आणि सर्वांचे लिहून होईपर्यंत कोणी बोलू नये. हा शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. घरातील थोरल्यांनी एकदा ‘दोन नंबर भारी’ असे म्हटले, की बाकीच्यांचे कागद तसेच निघतात.

आपल्या तिखट जेवणाबरोबर कोणती वाइन जाते?

तिखटाचे गणित आधी समजून घेऊ. मिरचीतील कॅप्सेसिन तोंडातील ज्या संवेदी ग्राहकांना चेतवते, तेच ग्राहक अल्कोहोलनेही चेततात. म्हणून जास्त अल्कोहोलची वाइन तिखटावर प्यायली, तर आग वाढते आणि टॅनिन असेल तर वर कडवटपणाही येतो. थोडी गोडी आणि थंडपणा ती आग शमवतात. तांबडा रस्सा किंवा झणझणीत सुके मटण असेल, तर चौदा टक्क्यांची जड रेड नको. थंड, गोडसर शेनिन ब्लांक द्यावी, किंवा रेडच हवी असेल तर कमी टॅनिनची, पंधरा मिनिटे जास्त गार केलेली द्यावी. ‘मटणावर रेड’ हा नियम ज्यांनी केला, त्यांच्या मटणात कांदा-लसूण मसाला नव्हता. पांढऱ्या रश्शाची गोष्ट वेगळी. त्यातील नारळ आणि मिऱ्याबरोबर व्हिऑन्ये किंवा जरा भरीव व्हाइट फार सुरेख जाते.

अख्खा मसूर आणि रोटी ही आमच्या मते या भागातील वाइनसाठी सर्वांत सोयीची जोडी आहे. मसुराचा मातकट, दाट स्वाद आणि टोमॅटोचा आंबटपणा सांजोव्हेजेला मानवतो, कारण ती द्राक्षे मूळची टोमॅटो आणि कडधान्ये खाणाऱ्या टस्कनीतील आहेत. तिखट मात्र नेहमीपेक्षा निम्मे घालावे. भरल्या वांग्यात शेंगदाण्याचा कूट आणि तेल असते; त्यावर शिराझ चालते. चुलीवर भाजलेल्या वांग्याच्या भरिताला धुराचा वास असतो आणि लाकडी पिंपात मुरलेल्या रेडमध्येही तसाच धूसर वास असतो, म्हणून त्यांचे जमते.

याच दिवसांत हुरड्याचा हंगाम सुरू होतो. शेतावर बसून आगटीतील हुरडा, ओले खोबरे आणि गूळ खाताना सोव्हिन्यों ब्लांकचा हिरवा स्वाद कोवळ्या ज्वारीच्या दाण्याशी इतका जुळतो, की आम्हाला दुसरे काही सुचवावेसे वाटत नाही. लसणाची चटणी तेवढी बाजूला ठेवावी. सांगलीच्या भडंगासाठी आणि कांदाभज्यांसाठी ब्रूट फेसाळ वाइन आहेच. तिचे आम्ल आणि बुडबुडे तेलाचा थर धुऊन काढतात आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो.

गोडाच्या बाबतीत एकच नियम आहे: वाइन पदार्थापेक्षा गोड असली पाहिजे. साताऱ्याचा कंदी पेढा खाऊन ब्रूट प्यायली, तर ती लिंबाच्या पाण्यासारखी आंबट लागते. पेढ्यातील भाजलेल्या खव्याला उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, ‘लेट हार्वेस्ट’ म्हणून मिळणारी गोड शेनिन ब्लांक शोभते. पुरणपोळीवर कोणतीही वाइन आम्हाला पटलेली नाही; तिच्यावर तूपच घ्यावे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी मात्र साखर न घालता रोझेबरोबर द्याव्यात.

फेसाळ वाइनचे बूच उडवावे की नाही?

उडवू नये. त्या बाटलीत पाच ते सहा वातावरणांइतका दाब असतो, म्हणजे मोटारीच्या टायरमधील हवेच्या दुपटीहून अधिक. डोळ्याला लागले, तर कायमची इजा होऊ शकते. बाटली नीट थंड करावी, तारेची जाळी सोडताना अंगठा बुचावर ठेवावा, बाटली माणसांपासून दूर तिरपी धरावी आणि बूच घट्ट धरून बाटली फिरवावी. आवाज सुस्काऱ्याएवढाच यावा. लहान मुलांना ‘फट्ट’ असा आवाज हवाच असेल, तर त्यांना फुगे द्यावेत.

वाइन बिघडली आहे, हे कसे ओळखावे?

ओल्या पुठ्ठ्याचा किंवा कुबट गोणपाटाचा वास आला, तर बूच दोषी आहे. शिरक्याचा किंवा नखांच्या रंगासारखा वास आला, तर हवा आणि जिवाणूंनी काम केले आहे. व्हाइट तपकिरी दिसत असेल आणि कापून ठेवलेल्या सफरचंदासारखी लागत असेल, तर तिचे वय झाले. तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे स्फटिक दिसले, तर घाबरू नये. ते द्राक्षातीलच टार्टारिक आम्लाचे क्षार असतात आणि थंडाव्याने खाली बसतात.

वाइन शाकाहारी असते का?

नेहमीच असते असे नाही. वाइन निवळण्यासाठी काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक, जिलेटिन, दुधातील केसीन किंवा माशाच्या वायुकोशापासून केलेला पदार्थ वापरतात आणि नंतर तो काढून टाकतात. अनेक उत्पादक बेंटोनाइट नावाची माती वापरतात आणि मग हा प्रश्न येत नाही. कडक शाकाहारी पाहुणे असतील, तर लेबल वाचावे किंवा उत्पादकाकडे चौकशी करावी. घरातील माळकरी मंडळींना हा खुलासा देत बसू नये. त्यांचा नकार आधीच ठरलेला असतो आणि त्याचा मान ठेवावा.

रेड वाइन हृदयाला चांगली आणि वाइन म्हणजे दारू नव्हे, हे खरे का?

दोन्ही विधाने टिकत नाहीत. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. आणि हिशेब करून पाहा: साडेबारा टक्क्यांच्या वाइनच्या १५० मिलिलिटरच्या एका ग्लासात सुमारे १५ ग्रॅम अल्कोहोल असते, तर ४२.८ टक्के तीव्रतेच्या व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या लहान पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम. ‘मी फक्त वाइन घेतली’ असे म्हणून गाडीची किल्ली उचलणाऱ्या पाहुण्याला हे आकडे सांगावेत. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले, तर वाहन चालवणे हा गुन्हा आहे. मिरजेहून सांगलीला जाणे जवळचे आहे, हा बचाव होऊ शकत नाही. अंथरुणे घालून ठेवावीत. गर्भवती स्त्रियांनी वाइन घेऊ नये. मधुमेहाच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. दम्याच्या रुग्णांना वाइनमधील सल्फाइटचा त्रास होऊ शकतो, आणि ते रेडपेक्षा व्हाइटमध्ये बहुधा अधिक असते.

न पिणाऱ्यांची सोय कशी करावी?

त्यांनाही तेच ग्लास द्यावेत आणि त्याच वेळी. कोकम सरबत, बिनसाखरेचा काळ्या द्राक्षांचा रस आणि पातळ ताक, या तिन्हींची चवही तशीच कागद-पेन्सिल हाती धरून घेता येते आणि मुलेही त्यात सामील होतात. आमच्या घरी वासाच्या चाचणीत पहिली आली ती न पिणारी आत्या. रोज मसाला कुटणाऱ्या नाकापुढे बाकीच्यांचे काही चालले नाही.

उरलेल्या वाइनचे काय करावे?

झाकण घट्ट लावून, बाटली उभी ठेवून, सर्व प्रकार फ्रीजमध्येच ठेवावेत, रेडसुद्धा. व्हाइट आणि रेड तीन-चार दिवस बऱ्या राहतात. फेसाळ वाइन दुसऱ्या दिवशी संपवावी. तिच्या गळ्यात चमचा अडकवून ठेवल्याने बुडबुडे टिकतात ही निव्वळ समजूत आहे. त्यानंतरही रेड उरली, तर मटण मुरवताना दह्याऐवजी पाव वाटी घालावी, मात्र ते मटण कोणाकोणाला वाढायचे आहे हे आधी विचारून घ्यावे. रिकाम्या बाटल्यांवर घरातील कोणीतरी मनीप्लांट लावण्यासाठी हक्क सांगितलेला असतोच.